इक्लिप्समधून टॉमकॅट: सर्व्हर चालू दिसते, पण ४०४ काऊन?

झीरोमाइल
इक्लिप्सला (कोड लिहायचा प्रोग्राम) टॉमकॅट ९ (जावाचा वेब सर्व्हर) जोडला आहे, विंडोज, जावा १७. सर्व्हर्स खिडकीत 'स्टार्टेड, सिंक्रोनाइझ्ड' दिसून राहिलं, कन्सोलवर एक्सेप्शन नाही. पण ब्राउझरात लोकलहोस्ट:८०८० उघडलं की ४०४. तोच टॉमकॅट बिनमधल्या स्टार्टअप.बॅटने चालवला तर मांजरवालं स्वागताचं पान बरोबर येते.
दुसरं, इन्स्टॉलेशनच्या कॉन्फ फोल्डरातल्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये पोर्ट ८०९० केला. इक्लिप्स अजूनही ८०८० वरच. तिसरं, वेबअ‍ॅप्समध्ये प्रोजेक्टचं फोल्डर कुठंच नाही, तरी प्रोजेक्टचा पत्ता टाकला की पान उघडते. मंग हे चालून राहिलं ते कुठून?

फुटाळा
भाऊ, तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. इक्लिप्स जो टॉमकॅट चालवते तो तुम्ही इन्स्टॉल केलेला टॉमकॅट नाही. प्रोग्राम तोच, पण घर वेगळं.
टॉमकॅटला दोन पत्ते लागतात. कॅटालिना होम म्हणजे जिथून जार (जावाच्या तयार कोडचे गठ्ठे) उचलायचे ती जागा. कॅटालिना बेस म्हणजे जिथलं कॉन्फ, वेबअ‍ॅप्स, वर्क, टेंप आणि लॉग्ज वापरायचे ती जागा. स्टार्टअप.बॅटने चालवला तर दोन्ही एकच असतात. इक्लिप्स होम तुमचंच ठेवते, बेस मात्र वर्कस्पेसच्या पोटात बनवते:
.मेटाडेटा / .प्लगइन्स / ऑर्ग.इक्लिप्स.डब्ल्यूएसटी.सर्व्हर.कोर / टीएमपी०
दुसरा सर्व्हर बनवला की टीएमपी१, तिसरा की टीएमपी२. प्रोजेक्ट याच्या आत डब्ल्यूटीपीवेबअ‍ॅप्स नावाच्या फोल्डरात जाऊन पडतात. म्हणून वेबअ‍ॅप्समध्ये काही सापडत नाही.
मांजरवालं पान मूळ वेबअ‍ॅप्स/रूटमध्ये असते. इथल्या रूटमध्ये वेब-इन्फ आणि त्यात एक वेब.एक्सएमएल, बाकी काही नाही. म्हणजे तुमचा ४०४ ही चांगली खबर आहे: सर्व्हरनं विनंती घेतली आणि 'असं पान नाही' असं उत्तर दिलं. सर्व्हर बंद असता तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं असतं. या दोन्हींची गल्लत करू नका, अर्धा दिवस जाते.
खात्री करायची असेल तर कन्सोलच्या पहिल्या वीसेक ओळी वाचा. तिथं 'कॅटालिना_बेस' आणि 'कॅटालिना_होम' पूर्ण पत्त्यासकट छापलेले असतात. कोणतीही तक्रार इथं टाकण्याआधी त्या दोन ओळी टाका, निम्मे धागे उघडायचीच गरज पडणार नाही.

सावजी८०८०
पोर्टचं सांगतो. सर्व्हर जोडताना इक्लिप्सनं तुमच्या कॉन्फची एक नक्कल काढली. प्रोजेक्ट एक्सप्लोररमध्ये 'सर्व्हर्स' नावाचा प्रोजेक्ट आपोआप आला आहे पाहा. त्यात सर्व्हर.एक्सएमएल, कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल, वेब.एक्सएमएल, टॉमकॅट-यूजर्स.एक्सएमएल, कॅटालिना.प्रॉपर्टीज आहेत. बदल तिथं करायचे. पब्लिश झालं, म्हणजे इक्लिप्सनं फाइली सर्व्हरच्या फोल्डरात पाठवल्या, की ही नक्कल टीएमपी०/कॉन्फमध्ये उतरते. थेट टीएमपी० मध्ये हात घातला तर पुढच्या पब्लिशला तो बदल पुसला जाते.
डेटाबेसचा जेएनडीआय रिसोर्स, म्हणजे जोडणीची नोंद, हीसुद्धा याच कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये लिहायची. ड्रायव्हरचा जार मात्र मूळ इन्स्टॉलेशनच्या लिबमध्ये, कारण लिब होममधून वाचलं जाते. ही उलटसुलट लक्षात राहत नाही म्हणून पोरं जार प्रोजेक्टच्या वेब-इन्फ/लिबमध्ये टाकतात आणि 'कॅनॉट लोड जेडीबीसी ड्रायव्हर क्लास' पाहत बसतात. कनेक्शन पूल टॉमकॅट बनवतो, तुमचा अ‍ॅप नाही. त्याला तुमचं लिब दिसत नाही.
मूळ टॉमकॅटच वापरायचा असेल तर सर्व्हरवर डबल क्लिक, 'सर्व्हर लोकेशन्स' भागात तीन पर्याय आहेत: वर्कस्पेस मेटाडेटा, टॉमकॅट इन्स्टॉलेशन आणि स्वतःचा पत्ता. बहुतेकांना ते राखाडी दिसतात, क्लिकच होत नाहीत. क्रम असा: सर्व्हर थांबवा, उजवी क्लिक करून 'अ‍ॅड अँड रिमूव्ह'मधून सगळे प्रोजेक्ट काढा, मग 'पब्लिश'. आता एडिटर पुन्हा उघडा, पर्याय मोकळे होतात. आधी प्रोजेक्ट जोडून मग जागा बदलता येत नाही. त्याच भागात 'डिप्लॉय पाथ' आहे, हवं तर तिथं वेबअ‍ॅप्स लिहा.
पण दुसरा पर्याय निवडला की इक्लिप्स तुमच्या मूळ कॉन्फवर स्वतःची नक्कल लिहिते. हातानं जुळवलेला सर्व्हर.एक्सएमएल असेल तर आधी बाजूला ठेवा. टॉमकॅट प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर लिहायची परवानगीही मिळत नाही. झिप उतरवून साध्या फोल्डरात, नावात जागा नसलेल्या, ठेवणं बरं. माझं मत विचाराल तर पहिलाच पर्याय ठेवा.

झीरोमाइल
दादा, बरोबर. बेस टीएमपी० निघाला. सर्व्हर्स प्रोजेक्टमध्ये पोर्ट बदलला आणि ८०९० वर आलं.
पुढचा प्रश्न. जेएसपीत (जावा मिसळलेलं वेब पान) बदल केला तर लगेच दिसतो, जावा क्लासमध्ये केला तर कधी दिसतो, कधी नाही. मग सगळे 'क्लीन' एकामागून एक दाबतो. कोणता केव्हा?

अंबाझरीकाठ
एकामागून एक दाबल्यानं काम होते, पण बिघाड कुठं होता ते कळत नाही. आधी सर्व्हरच्या नावापुढची स्थिती वाचायची.
'सिंक्रोनाइझ्ड' म्हणजे प्रोजेक्टमधलं सगळं डब्ल्यूटीपीवेबअ‍ॅप्समध्ये पोचलं, असं इक्लिप्सला वाटते. वाटते, हे महत्त्वाचं. 'रिपब्लिश' म्हणजे फाइल बदलली, अजून पाठवायची आहे. 'रीस्टार्ट' म्हणजे असा बदल झाला की सर्व्हर पुन्हा चालू केल्याशिवाय लागू होणार नाही, उदाहरणार्थ सर्व्हर्स प्रोजेक्टमधलं कॉन्फिगरेशन.
आता औषधं, हलक्यापासून जडाकडे. 'पब्लिश' फक्त बदललेल्या फाइली पाठवते. 'क्लीन' आधी पाठवलेल्याची नोंद फेकून सगळं नव्यानं पाठवते. इक्लिप्सच्या बाहेरून फाइली बदलल्या असतील, म्हणजे गिटनं ब्रँच बदलली, टर्मिनलवर मेवन (बिल्ड करायचं साधन) चालवलं, किंवा मधेच लाइट गेली आणि डेस्कटॉप बसला, तर इक्लिप्सची नोंद आणि डिस्क यांचा मेळ राहत नाही. तेव्हा प्रोजेक्टवर एफ५, मग 'क्लीन'. एफ५ आधी. उलटं केलं तर जुनंच पुन्हा पाठवलं जाते.
'क्लीन टॉमकॅट वर्क डिरेक्टरी' हे तिसरं, आणि याचा पब्लिशशी संबंध नाही. वर्कमध्ये जेएसपीपासून बनलेले जावा क्लास असतात. जेएसपी नवी दिसते पण आत समाविष्ट केलेला तुकडा जुना, अशा वेळी हे वापरा. तिथंच सेशन्स.एसईआर नावाची फाइल असते. टॉमकॅट नीट थांबवला की चालू सेशन त्यात लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी वाचतो. म्हणून सर्व्हर रीस्टार्ट करूनही लॉगिन शाबूत असते, आणि सेशनमधल्या क्लासची रचना बदलली असेल तर सुरुवातीलाच 'इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन' येते. कायमचं बंद करायचं तर कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये रिकाम्या पाथनेमची मॅनेजर ओळ आधीच लिहून कॉमेंट केलेली आहे, ती फक्त उघडायची.
सर्व्हर डिलीट करून नव्यानं बनवणं हे शेवटचं. तेव्हा 'सर्व्हर्स' प्रोजेक्टमधलं कॉन्फिगरेशनही पुसायचं का, असं विचारते. तिथला टिक न पाहता ओके दाबलं की जुळवलेलं सगळं गेलं.

फुटाळा
ताईंच्या उत्तराला जोड. क्लास कधी दिसतो, कधी नाही, याचं कारण बहुधा दोन यंत्रणा एकमेकींत पाय अडकवून राहिल्या आहेत.
एक, ऑटो रीलोड. सर्व्हर एडिटरच्या 'मॉड्यूल्स' टॅबवर प्रत्येक प्रोजेक्टला तो चालू-बंद करता येते. क्लास बदलला की टॉमकॅट पूर्ण कॉन्टेक्स्ट, म्हणजे चालतं अख्खं अ‍ॅप, पाडून उभा करतो. मोठ्या स्प्रिंग प्रोजेक्टमध्ये प्रत्येक सेव्हला हेच.
दोन, डीबग मोडमधलं हॉट कोड रिप्लेस. यात सर्व्हर पडत नाही, चालत्या जेव्हीएममध्ये मेथडचं पोट बदललं जाते. फक्त पोट. नवी मेथड, नवं फील्ड, मेथडची सही किंवा वारसा बदलला तर 'हॉट कोड रिप्लेस फेल्ड' येते आणि रीस्टार्ट करावाच लागते.
दोन्ही चालू ठेवले तर आधी पोट बदलते आणि मागोमाग रीलोड येऊन अख्खं कॉन्टेक्स्ट पाडते. डीबगमध्ये काम करत असाल तर ऑटो रीलोड बंद, पण ऑटो पब्लिश चालू ठेवा. सर्व्हर एडिटरात 'पब्लिशिंग' भागात 'रिसोर्स बदलले की आपोआप' हा पर्याय आहे, अंतर १ सेकंद असते. सेव्ह करायची फार सवय असेल तर ते ३ करा.
दिवसभर रीलोडवर चालवलं तर कन्सोलवर 'अ‍ॅपनं थ्रेड सुरू केला पण थांबवला नाही, मेमरी लीकची दाट शक्यता' अशा इशाऱ्यांचा सडा पडतो. तो खराच आहे. न थांबलेला थ्रेड जुन्या क्लासलोडरला धरून ठेवते, प्रत्येक रीलोडला एक अख्खा संच मेटास्पेसमध्ये (क्लाससाठीची मेमरी) साचते. मेमरी वाढवणं हा इलाज नाही. थ्रेड पूल आणि टायमर कॉन्टेक्स्ट बंद होताना लिसनरमध्ये बंद करा.

बर्डी_कट्टा
माझ्याकडे वेगळंच. 'सर्व्हर ४५ सेकंदांत सुरू होऊ शकला नाही' येऊन बंद पडते. ४५ चा आकडा नागपूरकराला नवा नाही म्हणा, मे महिन्यात पारा तिथंच असते. पण कन्सोलवर 'सर्व्हर स्टार्टअप इन' ही ओळ २० सेकंदांतच दिसते!

सावजी८०८०
ही शेवटची ओळ लिहिलीत म्हणून बरं झालं. लोक आकडा ४५ चा ३०० करतात आणि पाच मिनिटं वाट पाहून तोच संदेश वाचतात.
सर्व्हर सुरू झाला हे इक्लिप्स कन्सोल वाचून ठरवत नाही. ते स्वतः एचटीटीपीनं सर्व्हरच्या पोर्टला हाक मारून पाहते. हाकेला उत्तर आलं की 'स्टार्टेड'. तुमचा टॉमकॅट २० सेकंदांत उठला, पण इक्लिप्सची हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. ऑफिसचा किंवा कॉलेजचा प्रॉक्सी लावला आहे का? प्रेफरन्सेस, जनरल, नेटवर्क कनेक्शन्स. तिथं 'मॅन्युअल' असेल तर लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ हे वगळलेल्या पत्त्यांत टाका, नाहीतर 'डायरेक्ट' करून पाहा.
खरंच उशीर लागत असेल तर तो वेगळा रोग. डीबगमध्ये सुरुवातीच्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट विसरला असेल तर घड्याळ चालूच राहते आणि ४५ व्या सेकंदाला इक्लिप्स सर्व्हर मारते. लिनक्सवर 'सेक्युअररँडम बनवायला इतके मिलिसेकंद लागले' अशी ओळ दिसली तर व्हीएम आर्ग्युमेंटमध्ये जावा.सिक्युरिटी.ईजीडी ला फाइल:/डेव्ह/./यूरँडम द्या. मधला तो टिंब चुकून राहिलेला नाही, तसाच लिहायचा. आणि शंभर जारचा प्रोजेक्ट असेल तर टॉमकॅट प्रत्येक जार उघडून टॅग लायब्ररी आणि अ‍ॅनोटेशन शोधतो. कॅटालिना.प्रॉपर्टीजमधल्या 'जार्स टू स्किप' यादीत नको ते जार टाका.
उन्हाळ्यात लॅपटॉप तापून सीपीयूचा वेग स्वतःच उतरवतो हेही खरं, पण तो काही सेकंदांचा फरक.

बर्डी_कट्टा
प्रॉक्सीच होता. लोकलहोस्ट वगळलं, १९ सेकंदांत हिरवा.
आता लॅबमधल्या एका मशीनवर '८००५, ८०८० पोर्ट आधीच वापरात आहेत'. इक्लिप्स बंद करून उघडलं तरी तेच.

फुटाळा
८००५ पण अडलेला आहे म्हणजे तो टॉमकॅटच आहे. इक्लिप्स कोसळलं तर जावा प्रोसेस मागं अनाथ राहते. जेडीकेसोबत येणारी जेपीएस आज्ञा -एल लावून द्या, यादीत 'कॅटालिना.स्टार्टअप.बूटस्ट्रॅप' दिसलं तर तोच तो. शेजारचा आकडा घ्या आणि विंडोजवर टास्ककिल /पीआयडी आकडा /एफ, लिनक्सवर किल आकडा. यादीत नसेल तर कोणीतरी टॉमकॅट विंडोज सर्व्हिस म्हणून टाकला असेल, सर्व्हिसेस उघडून थांबवा.
फक्त ८०८० अडला असेल तर दुसरं कोणी. विंडोजवर नेटस्टॅट -एएनओ चालवून ८०८० ची ओळ शोधा, शेवटचा रकाना पीआयडी. आपल्याकडच्या लॅबमध्ये हमखास सापडणारा पाहुणा म्हणजे ओरॅकल ११जी एक्सई, त्याचं वेब पान मुळात ८०८० वर बसते. त्याला मारू नका, डीबीएमएस_एक्सडीबी पॅकेजच्या सेट-एचटीटीपी-पोर्टनं ९०९० वर हलवा. किंवा टॉमकॅटच हलवा, ते सोपं.
तिसरा प्रकार: 'एक किंवा अधिक पोर्ट अवैध'. विंडोजच्या इन्स्टॉलरनं टाकलेल्या टॉमकॅटमध्ये शटडाऊन पोर्ट -१ असते, म्हणजे बंद. इक्लिप्सला तर थांबवायला तोच पोर्ट लागते. सर्व्हर एडिटरात 'टॉमकॅट अ‍ॅडमिन पोर्ट' या नावानं तो दिसेल, तिथं ८००५ लिहा. झिपमधून घेतलेल्या टॉमकॅटला ही भानगड नाही.
आणि राजेहो, थांबवताना सर्व्हर्स खिडकीतला लाल चौकोन दाबा, कन्सोलवरचा नको. पहिला शटडाऊन पोर्टवरून सांगून थांबवतो. दुसरा गळा दाबतो, मग 'कॉन्टेक्स्ट डिस्ट्रॉइड' चालतच नाही आणि डेटाबेसची कनेक्शन्स लटकून राहतात.

झीरोमाइल
मेवन प्रोजेक्टवर 'क्लास नॉट फाउंड: डिस्पॅचरसर्व्हलेट'. कोड कंपाइल होते, पॉम.एक्सएमएलमध्ये स्प्रिंग आहे, टर्मिनलवर बनवलेल्या वॉरमध्येही (सर्व्हरवर चढवायची फाइल) जार आहेत.

अंबाझरीकाठ
कंपाइल होते कारण बिल्ड पाथमध्ये जार आहेत. डिप्लॉय होताना कोणती यादी पाहायची ती वेगळी, तिचं नाव 'डिप्लॉयमेंट असेंब्ली'. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ती उघडा. 'मेवन डिपेंडन्सीज ते वेब-इन्फ/लिब' ही ओळ नसणार. अ‍ॅड, जावा बिल्ड पाथ एंट्रीज, मेवन डिपेंडन्सीज. मग सर्व्हर 'क्लीन'. खरं तर ऑल्ट+एफ५ नं मेवन अपडेट केल्यावर ही ओळ आपोआप यायला हवी. येत नसेल तर पॉममध्ये पॅकेजिंग 'वॉर' आहे का पाहा, पुष्कळदा ते 'जार'च राहिलेलं असते.
मग डब्ल्यूटीपीवेबअ‍ॅप्समध्ये जाऊन वेब-इन्फ/लिब डोळ्यांनी पाहा. सर्व्हर तेच वाचतो, वॉर नाही.
एक सापळा आणखी. टॉमकॅट १० पासून पॅकेजचं नाव जावाएक्स.सर्व्हलेट ऐवजी जकार्ता.सर्व्हलेट झालं. जुना प्रोजेक्ट टॉमकॅट १० ला जोडला आणि सर्व्हलेट अ‍ॅनोटेशननं लिहिले असतील, तर चूक येईलच असं नाही. टॉमकॅटला ते अ‍ॅनोटेशन ओळखूच येत नाही, सरळ ४०४. स्प्रिंग ५ असेल तर टॉमकॅट ९, स्प्रिंग ६ असेल तर १०.१ किंवा पुढचा. टॉमकॅट १०.१ ला जावा ११ लागते, ११ ला जावा १७. 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' आलं तर आकडा पाहा: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. प्रेफरन्सेस, सर्व्हर, रनटाइम एन्व्हायर्नमेंट्समध्ये टॉमकॅटला कोणता जेआरई दिला आहे ते प्रोजेक्टच्या जेडीकेपेक्षा वेगळं असू शकते.

मिहानकर
इक्लिप्सऐवजी इंटेलिजे अल्टिमेट वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण तिथंही बेस वेगळाच असते. ते स्वतःच्या सिस्टिम फोल्डरात बेस बनवते, पत्ता सर्व्हरच्या लॉग टॅबवर पहिल्याच ओळींत. आर्टिफॅक्ट 'वॉर एक्सप्लोडेड'च निवडा. साधा 'वॉर' निवडला तर 'अपडेट क्लासेस अँड रिसोर्सेस' पर्याय दिसतच नाही, दरवेळी रीडिप्लॉय. कंट्रोल+एफ१० नं अपडेट. '१०९९ पोर्ट वापरात' आलं तर तो जेएमएक्सचा पोर्ट आहे, रन कॉन्फिगरेशनमध्ये बदला. आणि 'अ‍ॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट'मध्ये नावापुढं _वॉर_एक्सप्लोडेड अशी शेपटी चिकटलेली असते, ती काढा. तिच्यामुळं येणारा ४०४ या धाग्याच्या पहिल्या ४०४ पेक्षा वेगळा.
नेटबीन्समध्ये मॅनेजर अ‍ॅपमधून डिप्लॉय होते, म्हणून टॉमकॅट-यूजर्समध्ये मॅनेजर-स्क्रिप्ट भूमिकेचा वापरकर्ता लागतोच.
टॉमकॅट सोडून वाइल्डफ्लाय या दुसऱ्या जावा सर्व्हरवर जाणार असाल तर तिथं डिप्लॉयमेंट्स फोल्डरात खुणेच्या फाइली असतात. नावामागं .डूडिप्लॉय म्हणजे 'उचल', .डिप्लॉइड म्हणजे झालं, .फेल्ड म्हणजे पडलं. .फेल्ड फाइल नोटपॅडमध्ये उघडा, कारण आतच लिहिलेलं असते. वॉर फाइल आपोआप उचलली जाते, उघडं फोल्डर मात्र .डूडिप्लॉयशिवाय नाही. स्कॅनर ५००० मिलिसेकंदांनी फेरी मारते. सर्व्हर चालू असताना स्टँडअलोन.एक्सएमएल हातानं बदलू नका, तो स्वतः त्यावर लिहितो आणि तुमचा बदल जाते. कन्सोल ९९९० वर, तिथून किंवा सीएलआयनं करा.

बर्डी_कट्टा
टेस्ट सर्व्हरवरचा टॉमकॅट आपल्या इक्लिप्समधून डीबग करायचा असेल तर?

फुटाळा
तिथं कॅटालिना.एसएच जेपीडीए स्टार्ट. पोर्ट ८०००, आणि फक्त लोकलहोस्टवर ऐकते. जावा ९ पासून नुसता आकडा दिला तर बाहेरून जोडताच येत नाही. लोक मग पत्त्यात तारा (*) लावून सगळ्यांसाठी उघडतात. तसं करू नका. डीबग पोर्टला पासवर्ड नसतो. जोडणारा त्या जेव्हीएममध्ये हवा तो कोड चालवू शकतो. एसएसएचचा बोगदा काढा: -एल ८०००:लोकलहोस्ट:८०००. मग इक्लिप्समध्ये 'रिमोट जावा अ‍ॅप्लिकेशन', होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट ८०००.
आणि ब्रेकपॉइंटवर थांबला की त्या थ्रेडवरची विनंती अडून राहते. टेस्टिंगवाले काम करत असताना फोन करून सांगा, नाहीतर ते 'सर्व्हर हँग' म्हणून तिकीट टाकतील.

झीरोमाइल
डिप्लॉयमेंट असेंब्लीत ओळ नव्हती, पॅकेजिंग 'जार'च होतं. आता चालते. शेवटचं: सर्व्हर्स प्रोजेक्ट गिटमध्ये टाकायचा का?

सावजी८०८०
टाका. फक्त कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तो आधी काढा. त्याच्या जागी ${} अशा कंसात नाव लिहा आणि किंमत लाँच कॉन्फिगरेशनच्या व्हीएम आर्ग्युमेंटमधून -डी नं द्या.
सर्व्हरची स्वतःची व्याख्या मात्र मेटाडेटात असते, प्रोजेक्टसोबत जात नाही. सर्व्हरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल, 'स्विच लोकेशन'. मग सर्व्हर्स प्रोजेक्टमध्ये .सर्व्हर शेपटीची फाइल येईल, तीही गिटमध्ये. समोरच्या मशीनवर त्याच नावाचं रनटाइम आधी जोडलेलं असलं पाहिजे, नाहीतर सर्व्हर दिसेल पण उठणार नाही.